भट्टीला रंग कसा आला

पिंपळगाव बसवंत
१८ नोव्हेंबर २०२४

स्नेहल,

फोन उचलत नाहीस म्हणून लिहितेय. माझी शाळा चौथीपर्यंतची, लागेल तेवढं वाच, बाकीचं सोडून दे. रावजी बाजारात तांदूळ उतरवून टेम्पो घेऊन तुमच्या घोटीला परत निघालाय. त्याचा चहा संपायच्या आत मला उरकायचंय.

भाऊबीजेला गेलीस ती तिकडेच बसलीस. आरोहीची बालवाडी बुडतेय. तुझं म्हणणं होतं महेशनं चाक सोडावं, कोल्ड स्टोरेजमध्ये नोकरी धरावी. तू म्हणालीस. मला जे म्हणायचं होतं ते मी म्हणाले. झालं की. एवढ्यावर कोणी पोटुशी बाई माहेरी जाऊन बसते का? माझ्या सासूनं मला मडकं फेकून मारलं होतं. मी खापऱ्या गोळा केल्या आणि भाकरी टाकायला बसले.

आणि तुझे वडील. पुंजाव्याह्यांनी निरोप धाडला, यंदा राईस मिलचं तूस मिळणार नाही. दरसाल घोटीच्या तुसावर आपली भट्टी भाजते हे त्यांना ठाऊक आहे. लेकीचं भांडण तुसावर काढलं. काढू दे.

आमचं काही अडलं नाही, हे सांगायला हे पत्र. निवृत्तीनानांनी यंदा द्राक्षाची बाग तोडली. जुनी बाग, पार मांडीएवढी खोडं. बांधावर ढीग पडला होता. म्हणाले, "लताबाई, न्या उचलून. मला रान मोकळं करायचंय." महेशनं ट्रॅक्टरनं आणली. सालीच्या भेगांत काहीतरी निळंहिरवं बसलेलं, मला वाटलं शेवाळ असेल.

मोसमातली पहिली भट्टी आपल्यात सुनेच्या हातानं पेटते. यंदा सून नव्हती, मग मीच काडी लावली. कुसाबाई कुंपणावरून बघत होती. म्हणाली, "लता, कपाळावर कुंकू नाय आन् भट्टी पेटवती? समदी मडकी फुटतील बघ." मी म्हटलं, "फुटली तर खापऱ्या तुझ्याच दारात टाकीन, तू काळजी करू नको."

एक नाही फुटलं. राख ओढली तर महेश नुसता बघतच राहिला. आपलं मडकं कसं, विटेसारखं, नाहीतर धुरानं काळं. ही तशी नव्हती. एका अंगानं लालभडक, जांभळाच्या डागासारखी. मध्येच हिरवी झाक, मोराच्या मानेवर असते तशी. एकाचा रंग दुसऱ्यासारखा नाही. मी इतकी वर्षं भट्टी भाजतेय, सासऱ्यांच्या हातचीही बघितली, असलं कधी निघालं नव्हतं.

तर तुसावाचून हे असं झालं. व्याह्यांना माझा रामराम सांग आणि हे वाचून दाखव.

ये आता. बघायला तरी ये.

लता


२ डिसेंबर

स्नेहल,

रावजी म्हणाला, पत्र तू घेतलंस, बोलली काही नाहीस. बरं.

इकडची गंमत ऐक. महेशनं मडक्यांचे फोटो मोबाईलवर टाकले. नाशिकला गंगापूर रोडवर एका बाईचं दुकान आहे, भाग्यश्री मॅडम. दिवाणखान्यात ठेवायच्या वस्तू विकतात. त्या मोटार घेऊन आपल्या दारात. उन्हात उभं राहून एकेक मडकं फिरवून बघितलं. घागर घ्यावी तसं पोटाशी धरलं. मग विचारलं, "मावशी, ही कला किती जुनी आहे?"

मी म्हटलं, "मागच्या पंधरवड्यातली."

त्या हसल्या. "असं सांगून कोणी घेत नाही हो. काहीतरी परंपरा असेलच ना?"

मला पीठ मळायचं होतं. त्या सोडेनात. रंग कसा येतो, कशानं येतो, कोणी शोधला. मी वैतागून म्हटलं, "सून पोटुशी आहे, तिचा पायगुण, दुसरं काय." त्यांनी लगेच महेशकडे बघितलं. आणि तुझा नवरा, जो माझ्याशी दिवसभरात चार शब्द बोलत नाही, तो पोपटासारखा सुरू झाला. म्हणे, पणजीच्या पणजीपासून आमच्यात चालत आलंय. घरची सून पोटुशी असली की तिच्याच हातानं भट्टी पेटवायची, तिच्या पोटातल्या जिवाचा रंग मातीवर उतरतो. दर पिढीत एखाद्याच वर्षी असं होतं. मॅडमच्या अंगावर काटा आला, त्यांनी मला हात दाखवला. मी कणकेचे हात घेऊन उभी. पोराला तोंडघशी पाडवेना.

त्या गेल्यावर म्हटलं, "थापाड्या, तुझी पणजी कौलं थापायची." तर म्हणाला, "आई, मला आजवर कोणी कारागीर म्हटलं नाही. त्या मला कलाकार म्हणाल्या." मी परत कणीक मळायला बसले.

मोठी ऑर्डर दिलीय. रोज चाक फिरतंय. भट्टी लावली की महेशला संध्याकाळी हुडहुडी भरते, दात वाजतात, सकाळी ठणठणीत. दगदग, दुसरं काय. मलाही तोंडात नाणं धरल्यासारखी चव येते. जेवण गोड लागत नाही.

सोबत पुडी धाडतेय. आरोहीच्या वेळी तुला भाजक्या मातीचे डोहाळे लागले होते, भट्टीपाशी बसून खापऱ्या चघळायचीस. तुझ्या आईकडे कुठली मिळणार चांगली. रंगीत मडक्याच्याच निवडून फोडल्यात, छान भाजल्यात. चघळ आणि राग सोड.

लता


१५ डिसेंबर

स्नेहल,

आज खेळीमेळीचं काही नाही.

कुसाबाईच्या दोन्ही शेळ्यांनी गाभ टाकला. आधी एकीनं, मग दुसरीनं. धडधाकट शेळ्या, आपल्या भट्टीमागच्या गवतावर चरायच्या. मेलेली करडं तिनं फडक्यात गुंडाळून आणली आणि आपल्या ओट्यावर ठेवली. भांडली असती तर मी दोन शब्द दिले असते. ती भांडली नाही. नुसती म्हणाली, "मी तुला पेटवू नको म्हणले होते." आणि गेली. करडं मीच पुरली.

भट्टीवरचा कडुलिंब तुला ठाऊक आहे. भट्टीकडच्या अंगाची पानं करपून गळाली, रस्त्याकडचं अंग हिरवंगार. जणू मधून रेघ मारलीय. महेशचा खोकला थांबत नाही. खोकतो आणि हसून म्हणतो, नजर लागली.

मी असल्या गोष्टी मानत नाही, तू जाणतेस. तुला मासिक पाळीत मी चाकाला हात लावू दिला, सगळा कुंभारवाडा बोलला तरी. पण आता मन ऐकत नाही. माझ्या हातानं पेटवली, म्हणून हे झालं का? ह्यांना जाऊन पाच वर्षं झाली, या हाताला भट्टी पेटवायचा मान नव्हता. तो मी जबरदस्तीनं घेतला.

म्हणून म्हणते ये. एकदा तुझ्या हातानं पेटव, म्हणजे सरळ होईल. महेशचंही तेच म्हणणं आहे, पण त्याचं कारण वेगळं. मॅडम संक्रांतीच्या आधी मुंबईचे, पुण्याचे पाहुणे आणणार आहेत, कॅमेरे घेऊन. पोटुशी सून भट्टी पेटवताना त्यांना बघायचीय. तू भट्टीच्या तोंडाशी बसायचं, धूर अंगावर घ्यायचा, पोटावर हात ठेवायचा. मॅडमनी साडीसुद्धा ठरवलीय, लाल.

मला ते सोंग आवडलेलं नाही. पण तू यावंस असं वाटतं. दोन्ही खरं आहे. शेळ्यांचं कोणाला सांगू नकोस.

पुडीतल्या खापऱ्या आवडल्या का, तेवढं तरी कळव.

लता


२६ डिसेंबर

स्नेहल,

आधी हे वाच. पुडी फेकून दे. खड्डा करून पूर. कोंबड्या उकरतील असं टाकू नकोस. आरोहीनं तोंडात घातली होती का विचार. उद्याच डॉक्टरकडे जा, सोनोग्राफी कर म्हणावं, आणि काय खाल्लंस ते खरं सांग. लाजू नकोस. सासूनं दिलं म्हणून सांग, माझं नाव घे.

काय झालं ते लिहिते, म्हणजे तुला मी भ्रमिष्ट झाले असं वाटणार नाही.

निवृत्तीनानांच्या मळ्यात सविता कामाला आहे, द्राक्षाच्या छाटणीची टोळी तिची. परवा ती मडकं न्यायला आली. मी भट्टीतल्या निखाऱ्यावर वांगं भाजत होते. तिनं वांगं चिमट्यानं उचललं आणि उकिरड्यावर टाकलं. मी ओरडले, "डोकं फिरलं का गं?"

ती म्हणाली, "मावशी, द्राक्षाचं खोड जाळता आन् त्याच्यावर वांगं? आम्ही तर अंघोळीचं पाणी तापवत नाय त्याच्यावर. वर्षानुवर्षं मोरचूद मारलेला असतो, चुना कालवून. वरून समदी औषधं. सालीत मुरून बसतं. ते निळं दिसत नाय का तुम्हाला?"

मी म्हटलं, "शेवाळ आहे ते."

"शेवाळ असं निळं असतं व्हय?"

मळ्यातल्या प्रत्येक बाईला हे ठाऊक आहे. आपण कुंभार, आपला मळ्याशी संबंध मडकी द्यायचा. आम्ही विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. त्यांना वाटलं आम्ही कुंपणाला नेतोय.

तरी मी खात्री केली. महेश नाशिकला गेला तेव्हा परसात लहान भट्टी लावली, नुसत्या गोवऱ्यांची. माझ्याच हातानं पेटवली, याच बिनकुंकवाच्या. मडकी निघाली विटेसारखी, साधी. रंगाचा ठिपका नाही. संध्याकाळी ना हुडहुडी, ना तोंडात नाणं. म्हणजे माझ्या हातात काही नव्हतं, तुझ्या पायगुणातही नव्हतं. जे आहे ते लाकडात आहे. त्यानंच रंग येतो, त्यानंच शेळ्यांनी गाभ टाकला. आणि मी बाई तीच राख भांडी घासायला वापरत होते, त्याच मडक्याच्या खापऱ्या तुला चघळायला धाडल्या. राख पावसाच्या आधी उचलायला हवी, नाहीतर ओढ्यात जाईल. ते मी बघेन.

महेश आला तसं त्याला सगळं सांगितलं. मला वाटलं हादरेल. तो बूट काढत होता, काढत राहिला. मग म्हणाला, "ठाऊक आहे."

"काय ठाऊक आहे?"

"मोरचूद. पहिल्याच भट्टीनंतर मी नानांना विचारलं होतं."

मागच्या खोलीचं कुलूप काढून दाखवलं. मोरचुदाच्या गोण्या, निळ्या खड्यांच्या, थप्पीला थप्पी लावलेल्या. मी ज्याला शेवाळ म्हणत होते ते हा गोणीनं विकत आणत होता. लाकडावर पाण्यातून मारतो, भट्टी झाकताना वरून मुठीनं टाकतो. म्हणून दर खेपेला रंग गडद येत होता. मी म्हटलं, "आणि स्नेहलला त्याच्या तोंडाशी बसवणार होतास?" तर म्हणाला, "एकदाच बसायचंय. एका धुरानं काय होतंय, तोंडाला पदर लावेल." मी म्हटलं, शेळ्या. तो म्हणाला, "शेळ्या रोज चरत होत्या."

त्याला कसं समजवावं मला कळत नाही. वाईट नाहीये तो. खोकताना छातीवर हात धरतो, मग तोच हात मडक्यावरून फिरवतो.

तू येऊ नकोस. मागच्या पत्रात ये लिहिलं ते खोड.

आत्ताच रावजी आला. त्याला विचारलं, पुडीचं काय. म्हणाला, "वहिनी म्हणत होत्या अर्धी संपली, अजून धाडा." डॉक्टर काय म्हणतो ते कळव. एवढं एक कळव.

लता


६ जानेवारी २०२५

चि. सौ. स्नेहल हिस सासूबाई सौभाग्यवती भव म्हणून कळवते.

इकडे सर्व कुशल आहे. तुझी व आरोहीची रोज आठवण येते. मागे मी रागाच्या भरात काही बाही लिहिले, ते मनावर घेऊ नये. डॉक्टरांनी बाळ उत्तम आहे असे सांगितल्याचे रावजीकडून समजले, आनंद झाला. लाकूड आता बदलले आहे. धुराचा काही त्रास नाही. महेशची तब्येतही सुधारली आहे.

दहा तारखेला आपल्या घराण्याच्या कलेचा मान होणार आहे. मोठमोठी माणसे येणार. घरच्या लक्ष्मीच्या हातानेच भट्टी पेटावी अशी माझी मनापासून इच्छा आहे. महेश नऊ तारखेला मॅडमच्या गाडीने तुम्हाला घ्यायला येईल. तयार राहावे. व्याह्यांना व विहीणबाईंना नमस्कार.

तुझी प्रेमळ आई
लताबाई


९ जानेवारी, सकाळ

स्नेहल,

सहा तारखेचं पत्र माझ्या हातचं आहे, माझं नाही. महेश समोर बसून सांगत होता, मी लिहीत होते. तू म्हणशील, ही बाई कोणाचं ऐकून लिहिते होय. तो म्हणाला, "नाही लिहिलंस तर आरोहीला घेऊन येतो. सुनेचा हात नाही तर नातीचा." पोरगी चार वर्षांची. मी पेन उचललं.

लाकूड बदललेलं नाही. काल दिवसभर त्यावर मोरचूद मारलाय, भट्टी गच्च भरून ठेवलीय, उद्याची. खोकून खोकून रक्ताची गुळणी टाकली, ती राखेनं झाकली. मला वाटलं, आता तरी थांबेल. स्वच्छ शर्ट घालून सकाळी निघाला. आधी गंगापूर रोडला मॅडमकडे, तिथं नाश्तापाणी, मग त्यांच्या गाडीनं तुझ्याकडे. रावजी इथून थेट निघतोय, हायवेनं. तो आधी पोचला पाहिजे. त्याला चहासुद्धा दिला नाही मी.

व्याह्यांना सांग दारात उभं राहायला. तूस दिलं नाही म्हणून मी त्यांना बरंच बोलले, पण आज त्यांच्याएवढा हट्टी माणूस मला हवाय. आरोहीला शेजारी धाड. तो रडेल, पाया पडेल, खरंच पडेल. माझी शपथ घालेल. बधू नकोस. तू एकदा गाडीत बसलीस की इथं दारात कॅमेरे असतील, मॅडम हात धरतील, लाल साडी पुढे करतील, आणि तेवढ्या लोकांसमोर तुझ्या तोंडून नाही निघणार नाही. मी तुला ओळखते. भांडायचं ते तू फक्त माझ्याशी भांडतेस.

भट्टी फोडावी असं मनात आलं होतं. पण फोडली तर तो चार दिवसांत दुसरी बांधेल, लाकूड आहे, मडकी आहेत. म्हणून वेगळं करतेय. मोरचुदाच्या गोण्या सविता बैलगाडीत घालून नानांकडे घेऊन गेली, त्यांची उरलेली बाग फवारायला लागेल. राहिलं लाकूड. आणि वरची मडकी अजून ओली आहेत, परवाच चाकावरून उतरलीत, सावलीत वाळायची होती, महेशनं घाईनं तशीच रचली. ओल्या मडक्याला एकदम जाळ दिला की काय होतं ते तुझ्या लग्नाच्या वर्षी तू पाहिलंयस, फटाक्यासारखं उडतं, एक सांगायला राहत नाही. हळू शेक द्यायचा असतो. मी देणार नाही. सगळी खोडं एकदम खाली सारलीत.

उद्या पाहुणे येतील तेव्हा पेटवायला लाकूड नसेल आणि दाखवायला खापऱ्या असतील.

वारा नानांच्या मोकळ्या रानाकडे आहे, म्हणून आत्ताच काडी लावतेय. कुसाबाईला सांगितलं, पोरंबाळं घेऊन देवळापलीकडं जा. ती म्हणाली, "आन् तू?" मी म्हटलं, "कोणीतरी जाळ राखायला नको का? मध्येच विझला तर अर्धं लाकूड उरेल." ती जाईना. काठीनं हाकलली.

पदर ओला करून तोंडाला बांधलाय. वहीच्या पानावर ठिणग्या पडायच्या आत संपवते. रावजी हॉर्न देतोय. डॉक्टर काय म्हणाला ते तू कळवलं नाहीस, रावजीलाही ठाऊक नाही. महेशनं सांगितलं ते बाळ उत्तम असल्याचं खरं की त्यानंच बनवलेलं, मला माहीत नाही.

तो तुझ्या दारात आला की त्याला एवढंच सांग, घरी जा, आई एकटी भट्टीपाशी आहे.

लता